केशरी फीत, पांढरी फीत

चहा गरम आहे तोवर ऐकून घ्या, कारण नंतर तुम्ही हसणार, चहा सांडणार आणि तेही माझ्याच नावावर खपणार.

मी असा घोळ घालून बसलोय की कळंबात अजून कुणी रस्त्यात भेटलं तर आधी हसतं आणि मग 'काय भाऊ, बरं का?' विचारतं. आणि घोळ कशात? तर सायकलीत! मी स्वतः सायकल सोडून किती वर्षं झाली, मलाच आठवत नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी एस.टी.त कंडक्टर होतो. अख्खी नोकरी कर्जत, खालापूर, खोपोली ह्याच पट्ट्यात. आता कंडक्टरला एक विद्या आपोआप येते. माणूस पायरी चढला की कळतं, हा कुठं उतरणार, ह्याच्याजवळ सुट्टे असतील का, आणि आईच्या मांडीवरचं ते दांडगं पोर खरंच अर्ध्या तिकिटाचं आहे का. विचारायचं कशाला? बघायचं, तिकीट फाडायचं, पुढं जायचं.

त्याच विद्येनं माझा घात केला.

माझी मुलगी सायली. मुंबईची नोकरी सोडून आली आणि निखिल नावाच्या मित्राबरोबर इथं सायकली शिकवायचं काढलं. साध्या नव्हेत हं. जाड टायरच्या, पुढं शॉकअप असलेल्या, डोंगरातून खाली यायच्या सायकली. ज्या वाटेनं शेळीसुद्धा विचार करून पाय टाकते, त्या वाटेनं हे लोक सायकलवर बसून येतात. कुणी बळजबरी केलेली नसते. हौसेनं येतात!

तर सायलीनं गावात पहिल्यांदाच शर्यत ठेवली. वरच्या माळावरून सुटायचं आणि दगडधोंडे, ओहोळ, खाचरांचे बांध असं करत कळंबच्या खाली मंडपापाशी यायचं. भात कापून झालं होतं, शेतं मोकळी होती. पण परवानगी मिळवताना पोरीच्या चपला झिजल्या. शेवटी आमच्या सरपंचबाई म्हणाल्या, "कर बाय. पन कुनाचा हात-पाय मोडला, नायतर गावात बोभाटा झाला, तर परत ह्याचं नाव काढायचं नाय." म्हणजे ह्या एका सकाळीवर सायलीचा पुढचा सगळा धंदा उभा राहणार होता, नाहीतर बसणार होता.

मला तिनं काम दिलं अगदी सोपं.

"पप्पा, तुम्ही फाटकाशी उभे राहा. येणाऱ्याच्या मनगटाला फीत बांधा. स्पर्धक असेल तर केशरी, नुसता सोबत आला असेल तर पांढरी. केशरीवाले टेंपोत बसून वर माळावर येतील, पांढरीवाले मंडपात बसतील. बस्स."

"एवढंच?"

"एवढंच. पण प्रत्येकाला विचारा हं. अंदाजानं बांधू नका."

"अगं, अंदाज काय अंदाज? अख्खी नोकरी..."

"पप्पा, विचारा."

एवढं सांगून ती निखिलबरोबर वर गेली, वाटेवर झेंड्या लावायला. सायकली गाड्यांवरून उतरवून पिकअपमध्ये आधीच वर पाठवायच्या होत्या. ते काम पलीकडे पार्किंगमध्ये चाललेलं. त्यामुळे माझ्यासमोर यायची ती नुसती माणसं. हे लक्षात ठेवा, माझ्या बाजूनं बोलण्यासारखी तेवढी एकच गोष्ट आहे.

पहिली गाडी ठाण्याची. त्यातून एक बाई उतरल्या. केस पांढरे, चष्मा, अंगात ढगळ जाकीट, चेहरा असा की आपल्या भाचीला स्थळ सुचवतील. त्यांच्यामागून एक पोरगा. दंडावर गोंदलेला वाघ, डोळ्यांवर गॉगल, पोटऱ्या सागाच्या ओंडक्यासारख्या.

आता मला सांगा, ह्यात विचारण्यासारखं काय होतं?

"या काकू," मी म्हटलं आणि पांढरी फीत बांधली. "मंडपात बसा. पंखा आहे, चहा आहे."

"अरे वा! पुढचं तिथंच सांगतील का?"

"सगळं तिथंच."

पोराला केशरी बांधायला घेतली तर तो कुरकुरायला लागला. "काका, मी तर फक्त मम्मीला..."

"पुढं सरका, पुढं सरका! मागं लोक आहेत."

मागं कुणी नव्हतं. पण तोंडाची सवय! पोरगा बिचारा जाऊन टेंपोत बसला. शहरातल्या माणसांचं एक बघितलंय मी. मनगटाला काही बांधलं की ती फार शिस्तीत वागतात.

मग रांगच लागली. हसत-खिदळत पन्नाशीतल्या तिघी मैत्रिणी आल्या. पांढरी. पांढऱ्या मिशांचे एक काका आले, चालण्यात जरा फौजी ताठपणा. पांढरी. त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर, काटक पोरगा, डोक्यावर उलटी टोपी. केशरी! एक बाई आपल्या दोन भाच्यांना घेऊन आल्या. बाईंना पांढरी, भाच्यांना केशरी. खरं सांगतो, मला भरून आलं होतं. म्हटलं, काय ही माणसं! पोरांच्या हौसेपायी एवढ्या सकाळी उठून डोंगरात येतात.

तेवढ्यात आमच्या बाळारामची सून आली, वैशाली. बाळाराम माझा शाळेपासूनचा दोस्त. ही खालापूरला एका दुकानात हिशेब बघते, रोज जाते-येते. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली.

"मामा, मी बी हाय ना."

"हाय तर! बघायला कोन नाय म्हनतंय गं?"

"बघायला नाय मामा, मी..."

"पुढची खुर्ची धर. मागनं काय दिसायचं नाय. आनि बाळारामला सांग, मी इचारलंय."

तिनं मनगटावरच्या पांढऱ्या फितीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गेली. सासऱ्याच्या दोस्ताशी पोरगी किती वाद घालणार?

टेंपो भरला. तरणीबांड पोरं, एकाहून एक. बघूनच समाधान वाटलं. मी टेंपोच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली, डबल बेल, आणि गाडी वर सोडली.

इकडे मंडपात सगळी पांढरीवाली मंडळी. सरपंचबाई पुढच्या रांगेत. चहा झाला, पोहे झाले, आणि सगळे हात बांधून माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, पाहुणे आहेत, नुसतं बसवून ठेवणं बरं दिसत नाही. स्पीकर होता, माइक होता. मी उखाण्यांचा कार्यक्रम सुरू केला.

ठाण्याच्या त्या बाई, नीलाताई त्यांचं नाव, त्यांनी हात वर करून विचारलं, "हा वॉर्म-अप आहे का?"

वॉर्म-अप म्हणजे काय ते मला नेमकं ठाऊक नव्हतं. पण माइक हातात असताना ठाऊक नाही म्हणायचं नसतं. "तसंच समजा," मी म्हटलं. "माणूस मोकळं होतं."

मग त्या उठल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"चढाला गिअर हलका, उताराला ब्रेक,
सुधाकररावांना सांगून आले, येताना आणीन केक."

टाळ्या! सरपंचबाईंनी तर शिट्टी घातली. आणि मी, मी काय विचार केला असेल? म्हटलं, बाईनं मुलाची सायकल किती बारकाईनं बघितलीय!

त्या तिघी मैत्रिणींनी मिळून एक उखाणा घेतला, त्यात तिघींचे नवरे आले आणि पंक्चर पण आलं. मिशीवाले काका बायकोचं नाव घेताना लाजले. सगळं इतकं छान चाललं होतं की वैशालीनं दोनदा उठून "मामा, आमाला वर कदी न्यायचं?" विचारलं, तेही मी हसण्यावारी नेलं. "वर कशाला गं, उनात? हितं सावली हाय."

तेवढ्यात फोन वाजला. निखिल.

"काका, रायडर कुठायत?"

"टेंपोत भरून दिलेत की! पोचले नाहीत?"

"टेंपो आलाय. पण हे म्हणतायत, आम्ही ड्रायव्हर."

"मग बरोबर आहे. चालवणारे तेच."

"अहो काका, गाडीचे ड्रायव्हर!"

"मग सायकलच्या माणसाला काय वेगळं म्हणतात?"

फोन कट. वरच्या माळावर रेंजचं असं आहे की एका ठरावीक दगडावर उभं राहावं लागतं, आणि मान डावीकडे ठेवावी लागते. थोड्या वेळानं परत वाजला.

"काका, ह्यांतल्या एकालाही... नाश्ता विचारतायत... एक जण म्हणतो मम्मीला बोलवा..."

"घाबरलं असेल पोर," मी म्हटलं. "पहिल्यांदा होतं असं. धीर द्या आणि सोडा!"

परत कट. माझं शेवटचं वाक्य वर पोचलं की नाही, हे मी आजपर्यंत निखिलला विचारलेलं नाही. पण तसं विचारायचं काही कारणही नव्हतं. वर काय झालं ते मागाहून कळलं. ठाण्याचा तो वाघवाला पोरगा, आदित्य, बाकीच्या पोरांच्या चिथावणीनं आईच्या सायकलवर बसला होता. 'फक्त त्या झाडापर्यंत' म्हणून. झाड उतारावर होतं.

मी माइकवर होतो आणि मला टेकाडावर धूळ दिसली. धुळीतून एक निळी सायकल. वर एक पोरगा, दोन्ही पाय दोन बाजूंना फाकवलेले, तोंड उघडं.

"आला! आला!" मी ओरडलो. "मंडळी, पहिला स्पर्धक! काय तो वेग! टाळ्या!"

सगळे उभे राहिले. नीलाताई खुर्ची पाडून उभ्या राहिल्या.

"अहो, तो माझा आदित्य!"

"अभिमान वाटत असेल ना काकू?"

"अहो, त्याला सायकल येत नाही!"

माइक चालू होता. 'सायकल येत नाही' हे अख्ख्या कळंबनं ऐकलं.

"मग... मग हा शर्यतीत कसा?"

"शर्यतीत मी आहे! तो परत जाताना गाडी चालवायला आलाय. माझे हात दमतात म्हणून!"

पोरगा बांधावरून उडाला, खाचरात आला, खाचरातून पुढच्या बांधावर. सरपंचबाई माझ्याकडे बघत होत्या. मी फक्त मनात म्हणत होतो, वळ रे बाबा, कुठं तरी मऊ जागी वळ.

आणि वळला! मंडपाच्या अलीकडे कुणाच्या तरी पेंढ्याची उडवी रचलेली होती. पोरगा सायकलसकट तिच्यात घुसला. नुसती मागच्या चाकाची गरगर दिसत होती. आम्ही सगळे धावलो.

मग पेंढ्यातून आवाज आला, "मम्मी, ब्रेक कुठला?"

एक ओरखडासुद्धा नाही! पेंढा तेवढा कानातून काढावा लागला. नीलाताईंनी आधी पोराला चाचपलं, मग सायकलला. सायकलला जरा जास्त वेळ लागला.

तेवढ्यात पिकअपमधून सायली खाली आली. तिनं मंडपाकडे बघितलं, सगळ्यांच्या मनगटांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पप्पा. ह्यांना पांढऱ्या कुणी बांधल्या?"

"अगं, वय बघून..."

"वय बघून?"

तिचा आवाज ऐकून मंडपातल्या बायकांच्या डोक्यात प्रकाश पडला. फितींचा अर्थ त्यांना आत्ता कळला. आणि मग माझ्या डोळ्यांसमोर जे घडलं ते मी विसरणार नाही. नीलाताईंनी ढगळ जाकीट काढलं. आत छातीला, पाठीला, कोपरांना कडक चिलखत! त्या तिघी मैत्रिणींनी पिशव्यांतून तोंड झाकणारी हेल्मेटं काढली. मिशीवाल्या काकांनी पँटच्या पायांवरच्या चेना उघडल्या तर खालून गुडघ्यांचे पॅड निघाले. वैशालीनं ओढणी सोडून पिशवीत टाकली आणि म्हणाली, "मामा, मगाधरनं तेच सांगत हुते."

सायली मला बाजूला घेऊन गेली. ओरडली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं.

"पप्पा, तुम्ही म्हणता तशी पोरं आधी यायची. मुंबई-पुण्याची, वाघ गोंदलेली. अजूनही येतात थोडी. पण आता माझ्याकडे जास्त कोण येतं ठाऊक आहे? ज्यांची मुलं मोठी झाली, ज्यांना आता कुठं स्वतःसाठी वेळ मिळाला, ते. आणि आपल्या गावातल्या मुली. नीलाताई बँकेतून रिटायर झाल्यावर शिकल्या. वैशाली तर माझ्यापेक्षा चांगली उतरते."

"आणि ती टेंपोतली पोरं?"

"ती ह्यांना सोडायला आली होती पप्पा. शनिवार-रविवारी आईला इकडे सोडायचं आणि गाडीत झोपायचं, एवढंच करतात ती!"

मी मान खाली घालून सरपंचबाईंकडे गेलो. म्हटलं, आता पोरीचं सगळं संपलं, आणि ते माझ्यामुळे.

सरपंचबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. मला वाटलं रागानं. जवळ गेलो तर खांदे हलत होते.

"भाऊ," त्या कशाबशा म्हणाल्या, "एवढी मजा मला पंचायतीत बसून कदी आली नाय. शर्यत हू दे. पुडच्या साली बी हू दे. पन तुमी फाटकावर नको."

तर शर्यत झाली. उशिरा झाली, पण झाली. टेंपोतली पोरं खाली आली आणि पोह्यांवर तुटून पडली. पांढऱ्या फितीवाले वर गेले. सायलीनं माझ्या हातातल्या उरलेल्या फिती काढून घेतल्या. माइक मात्र राहिला. तो आधी काढून घ्यायला हवा होता.

एकेक जण खाली यायला लागला. वैशाली आली ती वाऱ्यासारखी, शेवटचा बांध तिनं असा उडवला की सून बघायला आलेला बाळाराम टोपी काढून नाचला. नीलाताई आल्या, त्या ज्या शांतपणे दगडांतून सायकल वळवत होत्या ते बघून आदित्य पोह्यांची डिश हातात धरून उभाच राहिला. पहिल्यांदाच आईकडे बघत असावा तसा. मी माइकवर सगळ्यांचं कौतुक करत होतो. सकाळचं जरा तरी भरून निघावं, म्हणून जोरात करत होतो.

सगळ्यात शेवटी एक जण आली. सावकाश, पण न थांबता. डोक्यापासून हनुवटीपर्यंत हेल्मेट, अंगभर पॅड, कोण ते काही दिसत नव्हतं. आता मी शहाणा झालो होतो ना! म्हातारं म्हणायचं नाही, कुणालाच म्हणायचं नाही. मी आवाज चढवला.

"आणि ह्या बघा मंडळी, आपल्या शेवटच्या ताई! वय असेल तीस-पस्तीस. सायकल धरण्याची ऐट बघा, मुंबईच्याच असणार. शरीर कसं कमावलंय! अशा तरुण मुलींकडून आमच्या घरातल्या बायकांनी थोडं तरी शिकावं!"

लोक हसायला लागले. मला वाटलं माझं बोलणं आवडतंय, म्हणून मी आणखी दोन वाक्यं बोललो. लोक आडवे पडायला आले. बाळाराम तर एका हातानं पोट धरून दुसऱ्या हातानं मला 'गप' अशी खूण करत होता.

ताईंनी सायकल उभी केली. हेल्मेट काढलं.

शोभा.

माझी बायको हो! लग्नाची! अख्ख्या गावानं तिला लांबून चालवण्यावरून ओळखली होती, कारण सायलीबरोबर ती कितीतरी दिवस माळावर शिकत होती आणि गुरं चारणाऱ्यांपासून सगळ्यांनी बघितली होती. नव्हती ओळखली ती मी एकट्यानं.

तिनं माझ्या हातातून माइक घेतला. घाम पुसला. श्वास सारखा केला.

"हे माझे मिस्टर," ती म्हणाली. "सकाळी मी तोंडाला स्कार्फ बांधून फाटकातून आले. तेव्हा ह्यांनीच पांढरी फीत बांधून मला सांगितलं, 'मावशी, जपून चाला, पाय मुरगळेल.' मागच्या खुर्चीवर बसून मी ह्यांचा उखाण्यांचा कार्यक्रमही ऐकला. आता ह्यांना मी पस्तीस वर्षांची ताई दिसते. गावासमोर एवढंच विचारते, आज घरी गेल्यावर ह्यांची मी कोण लागते?"

त्या क्षणाचा फोटो सायलीकडे आहे. त्यात शोभा हसतेय, सायली हसतेय, नीलाताई, वैशाली, सरपंचबाई, सगळं गाव हसतंय. मी तेवढा फोटोत नीट दिसत नाही. मी खाली वाकून स्पीकरची पिन शोधत होतो.